समेवरचा लसावि

[काळा पडदा. फक्त आवाज: मुलं एका सुरात पाढे म्हणताहेत.]

बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा...

ही चाल कुणी लावली असेल ती असो. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवलं तरी ती चुकत नाही. ‘दोन गुणिले तीन बरोबर सहा’ असं म्हणून पाहा, ठेकाच लागत नाही. त्रिक, चोक, सक या आखूड शब्दांवर पाढा पळतो.

पण त्याच मुलाला मध्येच विचारा, बारा साती किती? तो डोळे मिटतो, ओठ हलवतो आणि बारा एके बारापासून गाडी सोडतो. चालीनं क्रम पक्का केला, आकड्यांचं नातं नाही. राज्यं आणि राजधान्या चालीवर घोकल्या तरी हेच. ‘गाण्यातून शिक्षण’ बहुतेक ठिकाणी इथवरच येऊन थांबतं: कडू गोळीला गूळ लावायचा. आम्हाला शोधायचा होता तो धडा, ज्यात गाणं काढून घेतलं तर गणितही जाईल.

[सहावीचा वर्ग. बाकं भिंतीला. दोन गट समोरासमोर.]

बाई टेबलावर पट्टीनं लय देतात. डावीकडे दादरा ताल, सहा मात्रा म्हणजे सहा ठोके: धा धी ना, धा ती ना. उजवीकडे केरवा, आठ मात्रा: धा गे ना ती, न क धी न. टाळी फक्त समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, बाकीच्या मात्रा बोटांवर.

पहिली टाळी एकदम पडते. मग फाटाफूट. दादऱ्याची टाळी सातव्या मात्रेला, केरव्याची नवव्या. तेराव्याला हे, सतराव्याला ते. गोंधळ वाढतो, कुणी हसतं, आणि पंचविसाव्या मात्रेला दोन्हीकडून एकच टाळी! दादऱ्याची चार आवर्तनं, म्हणजे पूर्ण फेरे झाले, केरव्याचे तीन. मात्रा चोवीस.

सहा आणि आठ यांचा लसावि, म्हणजे दोन्हींनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या, चोवीस. फळ्यावर तो आत्ता लिहिला जातो, कानावर आधीच पडलाय. लसावि काढताना सरळ गुणाकार करून अठ्ठेचाळीस लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. इथे अठ्ठेचाळीसपर्यंत थांबावंच लागत नाही, सम वाटेतच भेटते.

मग दादऱ्याच्या जागी रूपक येतो, सात मात्रांचा. आता केरव्याशी गाठ पडायला छप्पन्न मात्रा. मध्ये कुणीतरी हमखास चुकतं, पुन्हा पहिल्यापासून. सात आणि आठ यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही, हे तळहात लाल झाल्यावर चांगलं लक्षात राहतं.

[एकतारी. तारेशेजारी मोजपट्टी.]

विज्ञानाचा तास. तार साठ सेंटिमीटर. तीस सेंटिमीटरवर, म्हणजे निम्म्यावर दाबली की वरचा सा. चाळीस सेंटिमीटर, म्हणजे दोन तृतीयांश वाजती ठेवली की पंचम (प), पंचेचाळीस, म्हणजे पाऊण ठेवली की मध्यम (म). अपूर्णांक इथे बेसूरही होऊ शकतात.

[मराठीचा तास. फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा.]

मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. ‘य’ गण चारदा, लघु-गुरू-गुरू. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणून ओळीत वीस मात्रा. हे मराठीच्या तासाला होतंच. पुढचा प्रश्न मात्र छंदशास्त्रातला, आणि जुना: चार मात्रा लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येतील?

मुलं टाळ्यांनी शोधतात. पाच प्रकारे. तीन मात्रा तीन प्रकारे, दोन मात्रा दोन प्रकारे. शेवटी लघु असेल तर त्याआधी एक मात्रा कमी, गुरू असेल तर दोन कमी. म्हणून मागच्या दोन उत्तरांची बेरीज केली की पुढचं उत्तर. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी हा नियम सांगितला. इटलीतल्या फिबोनाची या गणितज्ञानं ससे मोजत हीच संख्यामाला मांडली ती १२०२ साली.

पाच मात्रांचे आठ प्रकार फळ्यावर आलेत. सहाचे किती? मागच्या बाकावरच्या दोघी बेरीज करायला तयार नाहीत. त्या सगळे प्रकार वाजवून बघताहेत. आत्ता अकराव्यावर आहेत.