बाबा, नॉफ्लर आणि जुना आग्रा रोड

(पडदा काळा. कॅसेट आत ढकलल्याचा खट्ट आवाज. मग थोडी खरखर.)

हा खट्ट आवाज आमच्या घरातला. ठाणे, मानपाडा, सातवा मजला. रोज संध्याकाळी चहा झाला की हा आवाज येतो आणि आई उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेते, चिडून नाही, सवयीनं, म्हणजे चाळीस वर्षांची सवय आहे ती.

टेपरेकॉर्डरसमोर बनियनवर बसलेत ते आमचे बाबा. तसं मी त्याला अरेतुरेच करते, आजीला ते शेवटपर्यंत पटलं नाही, त्यामुळे या व्हिडिओतही बाबा म्हणाला, बाबा गेला असंच येईल, सांभाळून घ्या. वय सहासष्ट. वागळे इस्टेटमध्ये टर्नर होता, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग कातणारा, आयटीआय पास. इंग्रजी पेपर वाचतो पण बोलायची वेळ आली की मला पुढे करतो. आणि हा माणूस गेली चाळीसहून जास्त वर्षं मार्क नॉफ्लरचा भक्त आहे. भक्त हा शब्द माझा, त्याला आवडत नाही. तो म्हणतो, "भक्त काय, मी ऐकतो त्याला."

एक मिनिट, उच्चार. मी लहानपणी क्नॉफ्लर म्हणायचे. बाबा दर वेळी सुधारायचा, "क नाही लावायचा, नॉफ्लर." शाळेच्या मार्कशीटवर सही करताना एवढं लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. मार्क नॉफ्लर, जन्म १९४९, ग्लासगोचा, वाढला इंग्लंडच्या ईशान्येकडे न्यूकॅसलच्या बाजूला. वडील हंगेरीतून नाझींच्या तावडीतून निसटून आलेले आर्किटेक्ट, आई शिक्षिका. गिटारवाला होण्याआधी लीड्सला पेपरात बातमीदार होता, मग काही वर्षं शिकवलं. १९७७ला भाऊ आणि दोन मित्र धरून लंडनमध्ये बँड काढला, डायर स्ट्रेट्स. नावाचा अर्थच कडकी, कारण तेव्हा खरंच कुणाच्या खिशात दमडी नव्हती. आठ वर्षांनी, १९८५ला, याच कडक्या लोकांचा ब्रदर्स इन आर्म्स हा अल्बम आला आणि सीडीवर दहा लाखांच्या वर खपलेला तो जगातला पहिला अल्बम ठरला. आमच्याकडे सीडी प्लेयर यायला अजून बराच अवकाश होता.

बाबाकडे नॉफ्लर आला तो टूलरूममधून. तिथे एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मराठी ख्रिश्चन, मित्र होता, चर्चच्या मागे राहायचा, घरी मराठीच बोलायचे ते लोक. त्याच्याकडे परदेशातून कुणीतरी आणलेल्या कॅसेट असायच्या. तेव्हाची पद्धत आमच्या वयाच्या लोकांना सांगून पटत नाही, दुकानात गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, तो भरून द्यायचा, चार दिवसांनी जायचं. बाबाने मित्राची कॅसेट नेऊन अशी एक भरून घेतली. लव्ह ओव्हर गोल्ड, १९८२चा अल्बम. पूर्ण अल्बममध्ये गाणी किती, तर पाच. एका बाजूला फक्त दोन. बाबाला वाटलं दुकानदारानं फसवलं, तो परत दुकानात भांडायला गेला होता म्हणे.

(बाबाच्या हातांचा क्लोजअप. डावा हात गिटारच्या मानेवर.)

आता या हातांकडे बघा.

बाबा डावखुरा आहे. म्हणजे होता. म्हणजे अजून आहे, पण आजीने तो राहू दिला नाही. डाव्या हाताने घास उचलला की लाटणं बसायचं, डाव्या हाताने प्रसाद घेतला तर देवळात सगळ्यांसमोर बोलणी. शाळेत मास्तरांनी उरलेलं काम केलं. पुढे कंपनीत लेथवर उभा राहिला तर लेथ कुठे डावखुऱ्यांसाठी बनतो, सगळी हँडलं उजव्या माणसाच्या सोयीची. तर बाबा लिहितो उजव्याने, जेवतो उजव्याने, आणि रस्त्यात कुणी अचानक काही फेकलं तर झेलतो डाव्याने.

आणि एक दिवस त्या मित्रानं त्याला सांगितलं की अरे तुझा हा नॉफ्लरपण डावखुराच आहे, पण गिटार उजव्या माणसासारखी धरतो.

बस्स. मला वाटतं भक्ती तिथे सुरू झाली, गाण्यातून नाही. बाबा हे मान्य करत नाही. पण याच्यावर त्याची एक अख्खी थिअरी आहे आणि ती तो घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो, माझ्या सासऱ्यांनासुद्धा बैठकीतच ऐकवली. थिअरी अशी की उजव्या पद्धतीच्या गिटारवर तारा दाबतो डावा हात, तर डावखुऱ्या माणसाच्या ज्या हातात खरी ताकद आहे तोच हात तारेवर पडतो, म्हणून नॉफ्लरची तार अशी रडते. "त्याला पण कुणीतरी लाटणं मारलं असणार," हे वर. याला पुरावा शून्य, पण बाबाच्या तोंडून ऐकताना खोटं वाटत नाही.

उजव्या हाताचं तर अजून भारी आहे. रॉक गिटारवाले सहसा प्लास्टिकचं पिक वापरतात, हा माणूस नुसत्या बोटांनी वाजवतो. अंगठा आणि दोन बोटं तारांवर, उरलेली दोन गिटारच्या अंगावर टेकलेली. त्यामुळे आवाज कसा होतो, तर बोलल्यासारखा. तार ओढून सोडली की टक् असा बारीक फटका ऐकू येतो, नखाचा नाही, बोटाच्या मांसाचा. डायर स्ट्रेट्सच्या सुलतान्स ऑफ स्विंग या गाण्यात नीट ऐका. डी मायनर, सी, बी फ्लॅट, ए, पायऱ्या उतरल्यासारखे साधे कॉर्ड्स आहेत. लंडनमधल्या एका जवळजवळ रिकाम्या पबमध्ये एक साधासा जॅझ बँड वाजवत होता आणि जाताना त्यांनी थाटात सांगितलं की आम्ही स्विंगचे सुलतान, त्यावरून ते गाणं सुचलं. नॉफ्लरला स्वतःला ते आधी बोअर वाटत होतं, मग स्ट्रॅटोकास्टर गिटार हातात आली आणि त्याच गाण्यात जीव आला.

बाबाने मित्राकडूनच एक कलकत्त्याची गिटार घेतली, सेकंडहँड, तिच्या तारा इतक्या उंच की दाबताना बोटं कापायची. पण टर्नरची बोटं ती, त्यांना काय होतंय. कॅसेट थांबवायची, मागे घ्यायची, ऐकायची, परत मागे. असं करत सुलतान्सचा पहिला सोलो बसवायला त्याला तीन वर्षं लागली आणि दुसरा, तो शेवटचा भरभर वाला, अजून बसलेला नाही.

(वागळे इस्टेटचा रस्ता. काचेच्या इमारती. एक बंद गेट.)

पण बाबाचं खरं गाणं वेगळंच. त्या पाच गाण्यांच्या कॅसेटवरचं पहिलं, टेलिग्राफ रोड. चौदा मिनिटांच्या वर आहे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या बाजूला खरंच या नावाचा लांबलचक रस्ता आहे, टूरच्या बसमधून नॉफ्लरनं तो बघितला. गोष्ट अशी की एक माणूस पाठीवर ओझं घेऊन चालत येतो, रानात जागा बघून थांबतो, खोपटं बांधतो. मग आणखी माणसं येतात, शाळा येते, कायदे येतात, कारखाने, ट्रक, गर्दी. आणि मग कामं जातात. एवढंच.

बाबाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला निम्मे शब्द कळले नव्हते. मित्राने कँटीनमध्ये बसून अर्थ सांगितला, तर बाबा म्हणाला, "हा तर आपला आग्रा रोड आहे."

आणि आहेच. सायनपासून ठाण्यापर्यंत जो एलबीएस रोड आपण ट्रॅफिकमध्ये शिव्या घालत पार करतो तोच जुना आग्रा रोड. विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड, दोन्ही बाजूंना कारखानेच कारखाने, शिफ्ट सुटली की सायकलींचा पूर. पुढे ठाण्यात वागळे इस्टेट. एमआयडीसी, म्हणजे सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ला स्थापन झाली आणि तिच्या अगदी पहिल्या वसाहतींमधली ही एक. कोकणातून, घाटावरून माणसं पाठीवर वळकटी घेऊन आली, आजोबा आमचे त्यातलेच, कळव्याला खारेगावात खोली घेतली आणि राहिले. बाबा तिथूनच सायकलवर कळवा पूल ओलांडून कामाला जायचा. आता त्या रस्त्याला मॉल आहेत, टॉवर आहेत, आयटीच्या काचा आहेत. पोखरण रोडला रेमंडची मिल होती तिथेही टॉवर. वाईट झालं असं मी सरसकट म्हणणार नाही, मी स्वतः अशाच एका काचेच्या इमारतीत सहा वर्षं नोकरी केली आणि माझं पहिलं गिटारचं गिफ्ट बाबाला त्याच पगारातून दिलं. पण त्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभं राहून बाबा म्हणाला होता, इथे आमच्या शेजारच्या कंपनीचं कँटीन होतं.

आता २००५. हे वर्ष मी टाळणार होते, बाबानेच सांगितलं की घाल.

मार्च २००५मध्ये नॉफ्लर मुंबईत आला. बीकेसीला, एमएमआरडीएच्या मैदानात. त्याच्या दोन वर्षं आधी मोटारसायकलच्या अपघातात माणसाच्या सात बरगड्या मोडल्या होत्या, कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं हाड, मोडलं होतं, परत वाजवेल की नाही असं झालेलं, आणि आता तो आपल्याकडे. बाबाने तिकीट काढलं. आईला न सांगता. आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या बोर्डावर व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, यादी लागली. व्हीआरएसमधला व्ही म्हणजे स्वेच्छेने, यावर बाबाच्या बॅचचे लोक अजून हसतात. कार्यक्रमाच्या संध्याकाळी गेटवर मीटिंग होती. बाबा गेला नाही बीकेसीला. गेटवर उभा राहिला रात्री दहापर्यंत, काही उपयोग झाला नाही.

मी विचारलं, बाबा तू तिकीट विकलं का नाहीस? म्हणे, "सुचलं नाही गं."

(तिकिटाचा क्लोजअप. एलआयसीच्या फायलीत, न फाडलेलं.)

मग जुलै. २६ जुलै. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. मिठी नदी बीकेसीत शिरली, मार्चमध्ये जिथे लोक गाणी ऐकत उभे होते तो सगळा भाग पाण्यात. आणि इकडे खारेगावात आमच्या तळमजल्याच्या खोलीत कमरेएवढं. मी तेव्हा अकरा वर्षांची, मला आठवतं ते म्हणजे टीव्हीचा खोका तरंगत होता आणि आजी पोटमाळ्यावर बसून रामरक्षा म्हणत होती. फाइल वर होती म्हणून वाचली. कॅसेट खाली होत्या, चाळीसेक, सगळ्या चिखलात.

कुणीही फेकून दिल्या असत्या. बाबा घरीच होता, नोकरी गेलेली, हातात वेळ होता आणि पेचकस होता. प्रत्येक कॅसेटचे पाच बारके स्क्रू काढायचे, रीळ साध्या पाण्यात धुवायचं, पंख्याखाली वर्तमानपत्रावर सुकवायचं, दुसऱ्या खोक्यात बसवायचं. पेन्सिल घालून गुंडाळायचं काम माझं. पंधरा दिवस घरात दुसरं काही चालू नव्हतं, आई एकदा चिडून म्हणाली की रेशन कार्ड पण असंच सुकवा जरा. अकरा कॅसेट वाचल्या. त्यात ती पाच गाण्यांची होती.

वाचली म्हणजे, टेलिग्राफ रोडमध्ये नवव्या मिनिटाला तीन-चार सेकंद आवाज बुडतो. खरंच बुडतो, कुणी पाण्याखालून वाजवतंय असा, आणि परत वर येतो. मी त्याला फोनवर तेच गाणं स्वच्छ आवाजात लावून दिलंय किती वेळा. ऐकतो, छान म्हणतो, आणि संध्याकाळी परत खट्ट.

नंतरचं थोडक्यात. नॉफ्लर परत इकडे आला नाही. २०१८ला डायर स्ट्रेट्सला त्या रॉकवाल्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, हा गेलाच नाही. २०१९ला शेवटची टूर. आणि जानेवारी २०२४ला त्याने स्वतःच्या एकशेवीसच्या वर गिटार लंडनला लिलावात काढल्या, सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख पौंड आले, त्यातला पाव हिस्सा दानधर्माला. त्या रात्री मी बाबाला फोन केला, वाटलं रडत बसला असेल. तर मजेत होता. म्हणाला, "बरं केलं. भिंतीवर टांगून काय करायचं." मग आईने सांगितलं की कंपनी सुटली तेव्हा यानेही स्वतःची मापं घ्यायची हत्यारं, मायक्रोमीटर आणि व्हर्नियर, एका नव्या पोराला देऊन टाकलेली, त्याच्या आधीच्या महिन्यात घेतलेला मायक्रोमीटर, आणि तो महाग असतो. हे मला एकोणीस वर्षांनी कळतंय.

(रिक्षाच्या आतून. समोर मेट्रोचे खांब.)

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की आग्रा रोडवरच लावू ना हे गाणं. कॅसल मिल नाक्याला रिक्षा पकडली. मिल कधीच गेली, नाक्याचं नाव राहिलं. रिक्षावाल्याला सांगितलं मुलुंड चेकनाका. फोनवर गाणं सुरू केलं, ते स्वच्छ आवाजवालं. बाबा बाहेर बघत होता. हरिनिवास गेलं, तीन हात नाक्याला अडकलो, मेट्रोच्या खांबांमध्ये एक डंपर आडवा घातलेला, मागून सगळे हॉर्न. मी कॅमेरा बाबाच्या तोंडावर धरलेला.

नववं मिनिट लागलं. बाबाने बाहेर बघतच डावा हात पुढे केला आणि फोनच्या स्पीकरवर तळवा दाबून धरला. एक, दोन, तीन, चार. मग काढला.

रिक्षावाल्याने आरशात बघितलं. त्याला वाटलं कॉल आला.