बॅकअपचं पावसाळी वेळापत्रक

(रत्नागिरीत छोट्या कार्यालयांच्या चालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, कोकण रेल्वेनं आलात-गेलात तर क्रॉसिंग तुम्हाला सांगायला नको. आपली गाडी मध्येच स्टेशनात उभी राहते, समोरून दुसरी धडधडत निघून जाते, मग आपली हलते. रोहा ते वीर मार्ग दुहेरी झाला. तिथून खाली एकेरीच. तरी एवढ्या गाड्या धावतात, कारण आधी कोण आणि नंतर कोण हे ठरलेलं असतं. तुमच्या ऑफिसातली केबल आणि बॅकअपची डिस्क हाही एकेरी मार्गच आहे.

एका पतसंस्थेत नऊ कॉम्प्युटर मी बसवले. नऊही मशिनांच्या बॅकअपला रात्री दोनची वेळ लावली, तीही मीच. जुलैत सलग चार रात्री तीनच्या सुमारास वीज गेली आणि त्याच आठवड्यात हिशोबाच्या मशिनची हार्ड डिस्क बसली. बॅकअप उघडून बघतो तर नऊ फोल्डर, आणि नऊही अर्धवट. चार दिवसांच्या पावत्या आम्ही पुन्हा चढवल्या. मी आकडे वाचत होतो, कॅशियरताई टाइप करत होत्या. ओलसर कागद एकमेकांना चिकटलेले, एकेक हलक्या हातानं सोडवावा लागत होता. ते मी विसरलेलो नाही.

आता गणित बघा. मशिनं जोडणारी पेटी म्हणजे स्विच. १०० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटच्या, स्विचमधून सेकंदाला फार तर १२.५ एमबी जातात, कारण आठ बिटांचा एक बाइट. एका मशिनचे २० जीबी धरले तर २७ मिनिटं, नऊंचे मिळून चार तास. तुम्ही म्हणाल, एकदम लावा नाहीतर ओळीनं लावा, लागणार चारच तास. कागदावर खरं आहे. पण दोनला सुरू करून तीनला वीज गेली, तर ओळीनं लावलेली दोन मशिनं पूर्ण झालेली असतात आणि तिसरं पाव. एकदम लावलेली नऊही पाव-पाव होऊन पडलेली असतात, पुरं एकही नाही. शिवाय फिरत्या डिस्कचं वाचणारं-लिहिणारं हेड नऊ ठिकाणी पळवलं की वेळ आणखी वाढू शकतो. म्हणून ओळ लावा, आणि हिशोबाचं मशिन पहिलं.

अर्धा-अर्धा तास अंतर ठेवलं की झालं? आज झालं. पण २० जीबीचे २५ झाले की २७ मिनिटांची ३३ होतात आणि एक बॅकअप दुसऱ्याच्या अंगावर चढतो. गाडी नुसत्या वेळापत्रकावर सुटत नाही, पुढचा टप्पा मोकळा असल्याशिवाय सिग्नल पडत नाही. बॅकअप सर्व्हरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी किती जॉब, म्हणजे बॅकअपची कामं, चालवायचे ही संख्या ठरवता येते. ती १ करा. शेकडो मशिनं असतील तिथे सुरुवात थोडी मागेपुढे विखुरण्याची सोय कामाला येते. नऊ मशिनांना क्रम पुरतो.

सर्व्हरचं घड्याळही बघून घ्या. ते यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर रात्री दोनचा जॉब आपल्याकडे सकाळी साडेसातला सुटतो.

आणि पावसाळा! रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते, गाड्या सावकाश चालवते. आपण जून उजाडला तरी मार्चचीच वेळ ठेवतो. मी आता जूनपासून रोजचा बॅकअप दुपारी दीडला घेतो. बाजार बंद, माणसं जेवायला गेलेली, मशिनं चालू, आणि वीज गेलीच तर कुणीतरी जागं असतं. रोज फक्त बदललेल्या फायली जातात, त्यामुळे अडीच तासांत सगळं बसतं. पूर्ण बॅकअप रविवारी दिवसा.

एक धोका मात्र आहे. विंडोजमध्ये ठरल्या वेळी कामं सुरू करणारा टास्क शेड्युलर असतो, त्यात चुकलेलं काम नंतर लगेच उरकण्याची खूण असते. ती करावीच. पण रात्री वीज गेली आणि सकाळी दहाला सगळी मशिनं चालू केली, की चुकलेले नऊही बॅकअप एकदम उठतात आणि काउंटरवर पासबुक छापेना होतं. तिथे तो १ चा आकडाच वाचवतो.

त्या पतसंस्थेत आता भिंतीवर एक तक्ता आहे. मशिन, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ. तिसरा रकाना कॅशियरताई रोज पेन्सिलीनं भरतात, आणि एखाद्या मशिनला कालच्यापेक्षा दहा मिनिटं जास्त लागली की मला फोन करतात.