कुरव ओळखायचा तर पंख बघा

मंडळी, हतनूर धरणाच्या पाण्यावर पांढरा पक्षी घिरट्या घालताना दिसला, की कुरव, म्हणजे सीगल, म्हणायच्या आधी तो नदी सुरय नाही ना, एवढं बघून घ्या. शेपूट दुभंगलेली आणि चोच पिवळीधमक, टोकदार असेल तर सुरयच. तिथंच निम्म्या ‘दुर्मीळ’ नोंदी गळून पडतात!

खरी पंचाईत पुढं आहे. किनाऱ्यावर कुरव थव्यानं असतात. आकार, पाठीचा रंग ताडून बघायला शेजारी दुसरा कुरव मिळतोच. आपल्या तापी-पूर्णेच्या पाण्यावर तो एकटा येऊन बसला, तर मापाला काय धरणार? चक्रवाक धरा. त्याच्याएवढा दिसला तर मोठा कुरव, बराच लहान दिसला तर छोट्यांपैकी.

छोट्यांत नेहमीचे दोन, काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी, कानामागे गडद ठिपका. डोळा बघा, असं सांगतात. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, हे खरं. पण पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाचा गडदच असतो. म्हणून मी पंखावर भर देतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकाकडं पांढरी असते. तपकिरी डोक्याच्या प्रौढाचं पंखाचं टोक काळं, त्यात पांढरे ठिपके. पिल्लात ते ठिपकेही नसतात, नुसतं काळं टोक.

आता निमुळत्या चोचीचा कुरव. फिकट डोळा, कानामागचा ठिपका जवळजवळ नाहीच, चोच लांब. फोटो बघून कुणालाही मोह होतो. पण ठिपका पुसट झालेला तपकिरी डोक्याचा कुरवही बसल्या जागी तसाच भासतो. उडू द्या त्याला. निमुळत्या चोचीच्या कुरवाच्या पंखाची पुढची कडही पांढरी असते. टोकाला काळा पट्टा आणि त्यात पांढरे ठिपके दिसले, तर तो दावा तिथंच सोडा.

मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात, आणि दरवर्षी रूप पालटतं. त्यात ह्यूगलिन, स्टेप, कॅस्पियन या जातींच्या पाठीचा करडेपणा हाच मोठा आधार, आणि तोच सगळ्यात फसवा. आपल्या दुपारच्या उन्हात गडद पाठ फोटोत फिकट येते. पुन्हा पिसं झडण्याचा काळ प्रत्येकाचा वेगळा. कुणाची पंखपिसं हिवाळ्यातही अर्धवट वाढलेली असतात. या गटाला अभ्यासक वर्षानुवर्षं ‘वलयाकार प्रजाती’चं, म्हणजे वर्तुळात पसरत गेलेल्या, शेजाऱ्याशी मिसळणाऱ्या पण दोन टोकं भेटतात तिथं न मिसळणाऱ्या गटाचं, उदाहरण म्हणून मांडत. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं तेही मोडीत काढलं. जाणत्यांची ही गत, तर आपण ‘मोठा कुरव, जात अनिश्चित’ लिहायला का लाजावं? एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, पंख उघडल्यावर बटण दाबत राहा, आणि सोबत वेळ नोंदवा.

आता पडद्याकडं बघा. फोटोतली डोकी मी झाकून ठेवली आहेत, फक्त पंख दिसतील. पहिला कुणाचा, सांगा.