गच्चीवर एकच डिश

नमस्कार श्रोतेहो.

मुंबई-पुण्यातली कुठलीही जुनी सोसायटी घ्या आणि रस्त्यावरून जरा वर पाहा. गॅलरीच्या ग्रिलला, खिडकीच्या छज्जाला, गच्चीच्या कठड्याला, जागा सापडेल तिथे डिश बसवलेल्या असतात आणि झाडून सगळ्यांची तोंडं आग्नेयेकडे. आपल्याकडचे डीटीएचचे उपग्रह विषुववृत्तावर, जमिनीपासून जवळजवळ 36 हजार किलोमीटर उंचीवर आहेत. कुणी 83 अंश पूर्व रेखांशावर, कुणी 95 वर, कुणी 108 वर. मुंबई 73 अंशांच्या आसपास. म्हणजे आपल्याला ते सगळे दक्षिण आणि पूर्व यांच्या मधेच सापडणार. त्यातही 83 अंशांवरचा उपग्रह मुंबईतून क्षितिजाच्या सुमारे 65 अंश वर असतो, 108 वरचा जेमतेम 44. म्हणूनच आग्नेयेला नवा टॉवर उभा राहिला, की एका घराचं चित्र जातं आणि शेजारच्या घरी, दुसऱ्या कंपनीच्या डिशवर, मालिका सुखाने चालू राहते.

मग ज्याचं चित्र गेलं तो गच्ची गाठतो. ज्याचं घरच वायव्येला आहे तो आधीपासून तिथे असतो. समजा सात मजली, 28 घरांची इमारत आहे. प्रत्येकाची डिश, प्रत्येकाच्या पायाला स्लॅबमध्ये ठोकलेले चार बोल्ट, आणि कठड्यावरून खाली लोंबणाऱ्या 28 वायरी. वॉटरप्रूफिंगवर सोसायटीने लाखांनी पैसे घातलेले असतात. पहिल्याच पावसाळ्यात सातव्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल येते आणि सर्वसाधारण सभेत अर्धा तास नुसता कुणाच्या बोल्टमुळे, यावर जातो.

यावरचा उपाय जुना आहे. उपग्रहावरचा टीव्ही आपल्या देशात आला तोच मुळी सामायिक. 1975 साली ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला, तेव्हा सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत गावाला मिळून एक डिश आणि एक टीव्ही संच होता. आज इमारतीला मिळून एक डिश आणि घरोघरी स्वतंत्र सेट-टॉप बॉक्स, एवढाच फरक करायचा आहे. पण तो करताना बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो, आणि तो आकाशात नाही, वायरी खाली उतरतात त्या डक्टमध्ये होतो.

कसा ते सांगतो. डिशच्या तोंडाशी जे छोटं बोंडूक दिसतं, त्याला एलएनबी म्हणतात. उपग्रहाकडून लहरी दोन प्रकारे येतात, उभ्या आणि आडव्या. काही चॅनल उभ्यावर, काही आडव्यावर. तुम्ही रिमोटवर चॅनल बदलला, की तुमचा बॉक्स त्याच वायरमधून वर वीज पाठवतो: 13 व्होल्ट पाठवले तर उभ्या लहरी द्या, 18 पाठवले तर आडव्या. लहरींच्या वारंवारतेच्या पट्ट्याचा वरचा भाग हवा असेल तर सोबत 22 किलोहर्ट्झचा एक बारीक सूरही पाठवतो. म्हणजे ही वायर एकेरी नाही. घरातून वर सतत हुकूम जात असतात.

आता गल्लीतला वायरमन येतो. केबलची त्याला सवय असते. तो वीस-तीस रुपयांचा स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचे दोन फाटे करणारा जोड, लावून एका एलएनबीवर दोन घरं जोडतो. आजोबा बातम्या लावतात, त्यांचा बॉक्स 13 मागतो. शेजारी सून सिनेमा लावते, तिचा बॉक्स 18 मागतो. एलएनबी दोघांचं एकाच वेळी ऐकू शकत नाही. एकाच्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ येतं. कंपनीचा माणूस येतो, तेव्हा नेमका एकच टीव्ही चालू असतो, सगळं ठीक दिसतं, आणि तो व्हिजिट चार्ज घेऊन जातो. चॅनल बदलला की चित्र जातं आणि शेजाऱ्यांनी टीव्ही बंद केला की परत येतं, अशी तक्रार तुमच्या इमारतीत असेल तर डिश हलवू नका, आधी स्प्लिटर शोधा.

योग्य पद्धतीत गच्चीवर चार तोंडांचा एलएनबी लागतो. उभ्या-आडव्या लहरी आणि पट्ट्याचा खालचा-वरचा भाग, असे चारही प्रकार तो चार वायरींनी एकाच वेळी खाली देतो. त्या वायरी मल्टिस्विच नावाच्या पेटीत जातात. तिथून प्रत्येक घराला स्वतंत्र वायर निघते, आणि ज्या घराचा जो हुकूम, त्या घराला तो भाग ही पेटी जोडून देते. एक लक्षात ठेवा, मोजणी घरांची नाही, बॉक्सची करायची. बेडरूममध्ये दुसरा टीव्ही असेल तर त्याला मल्टिस्विचपासून आणखी एक वायर लागते. अंदाजपत्रक चुकतं ते इथे.

वायरही चांगलीच घ्या. डिशपासून बॉक्सपर्यंत जी वायर लागते, त्या कोॲक्स वायरमध्ये, वरच्या वारंवारतेला, शंभर मीटरवर साधारण 30 डेसिबलची घट होते, म्हणजे सिग्नल हजारावा भाग उरतो. सात मजल्यांना चालून जातं. चार विंग, मोठं आवार असेल तर मधला पल्ला फायबरनेच नेलेला बरा.

आता पैशांचं. डिश सामायिक म्हणून वर्गणी सामायिक होत नाही. प्रत्येक घराचा बॉक्स वेगळा, पॅक वेगळा, रिचार्ज वेगळा. एक कनेक्शन घेऊन बारा घरांना फिरवायची आयडिया कुणीतरी सभेत काढतोच. ती तिथेच थांबवा. नोंदणीशिवाय केबलचं जाळं चालवायला 1995 चा कायदा मनाई करतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर डिश, मल्टिस्विच आणि वायरी सोसायटीच्या मालकीच्या हव्यात. कंपनी ‘फुकट बसवून देतो’ म्हणते तेव्हा पाच वर्षांनी सगळी इमारत तिच्याच दाराशी बांधलेली असते. शिवाय गच्चीवर दोन डिश ठेवा, एकच नको. दुसरी दूरदर्शनच्या फ्री डिशची. 93.5 अंशांवरच्या जीसॅट-15 या उपग्रहावरून ती येते, महिन्याचं भाडं शून्य, बॉक्स एकदाच घ्यायचा. सह्याद्री वाहिनी त्यावर आहे, आणि आकाशवाणीची कित्येक केंद्रंही. वॉचमनच्या खोलीत, निवृत्त माणसांच्या घरी ती पुरते.

‘आता सगळं मोबाइलवर दिसतं, डिश कशाला,’ असं तरुण मंडळी विचारतात. क्रिकेटच्या मॅचला उत्तर मिळतं. मोबाइलवरचं चित्र काही सेकंद मागे असतं. डिशवाल्या घरातून ‘आऊट’ अशी आरोळी येते, तेव्हा यांचा बोलर अजून धावतच असतो.

सामायिक डिशचा एक तोटाही आहे. चित्र गेलं की सगळ्यांचंच जातं, आणि फोन सेक्रेटरीला येतात. जोराच्या पावसात थोडा वेळ जाणारच, या लहरींना पाण्याचे थेंब अडवतात. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस भर दिवसा काही मिनिटं जातं, कारण तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. अशा वेळी नोटीस बोर्डावर दोन ओळी लावल्या तरी भागतं. बाकी एरवी चित्र गेलं तर आधी मल्टिस्विचचा प्लग पाहा. त्या पेटीला वीज लागते, आणि ती जिन्याच्या दिव्यांच्या लाइनवर जोडलेली असेल तर जिन्याचा फ्यूज गेल्यावर सबंध इमारतीचा टीव्ही बंद पडतो. तिला लिफ्टच्या बॅकअपवर घ्या, आणि पेटीतल्या प्रत्येक वायरीवर फ्लॅटचा नंबर लिहून घेतल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल देऊ नका.

नमस्कार.