एक खोली जास्त

[दृश्य: कसबा पेठेतला जुना वाडा. सकाळचे सात. चौकातल्या नळाखाली बादली भरतेय.]

या वाड्यात बिऱ्हाडं बारा, संडास तीन, नळ एक. दिंडी दरवाजाच्या चौकटीवर आजही खिळ्यांची भोकं दिसतात. कॅमेरा जवळ नेला तर मोजताही येतात. डावीकडे सात, उजवीकडे पाच. पत्रे ठोकणाऱ्याला घाई असणार.

2020 च्या जुलैत या वाड्यातला एक माणूस पॉझिटिव्ह निघाला, तेव्हाचे हे खिळे. त्याच्याकडे आपण येणारच आहोत. त्याआधी थोडं मागे जाऊ.

[दृश्य: नायडू रुग्णालयाचं फाटक. रस्त्यावर होळीची राख.]

9 मार्च 2020. होळीचा दिवस. दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या एका जोडप्याचा अहवाल आला आणि महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण नायडू रुग्णालयात दाखल झाले. चार दिवसांनी राज्य सरकारनं साथरोग कायदा लागू केला. कायदा नवा नव्हता, 1897 चा होता, प्लेगच्या वेळचा. पुण्याला तो चांगला आठवतो. तेव्हा गोरे शिपाई घराघरांत शिरून आजारी माणूस हुडकायचे, त्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत न्यायचे. रँडसाहेबाचं पुढे काय झालं, ते इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं.

त्याच साथीतली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. रोग्यांची ने-आण करता करता सावित्रीबाईंनाच प्लेग झाला. 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. मुलींना शाळेत आणणारी बाई साथीत गेली, आणि बरोबर 123 वर्षांनी तिच्या पुण्यतिथीच्या आठवड्यातच पुण्यातल्या शाळांना कुलूप लागलं. योगायोगच तो. पण या फिल्ममध्ये शाळा आहे, हडपसरही आहे, म्हणून सांगून ठेवलं.

[दृश्य: लक्ष्मी रोड, बंद शटर. टिळक चौक, बॅरिकेड.]

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जनता कर्फ्यू, टाळ्या-थाळ्या, मग टाळेबंदी. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तोही रद्द झाला. त्या वर्षीची दहावी भूगोल न देताच पास झाली. आणि एप्रिलमध्ये पूर्व भागातल्या पेठा सील झाल्यावर त्याच मुलांना आपली गल्ली कुठे संपते आणि प्रतिबंधित क्षेत्र कुठे सुरू होतं, याचा नकाशा तोंडपाठ झाला.

तोंड झाकायला या शहराला कोणी शिकवावं लागलं नाही. दुचाकीवरच्या मुली कित्येक वर्षं नुसते डोळे दिसतील असा स्कार्फ बांधून फिरत होत्या. 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हाही शाळा बंद झाल्या होत्या आणि रुमाल नाकावर चढले होते. आणि दुकानांची वेळ? एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून ज्या शहराची जन्मभर चेष्टा झाली, त्या शहराला 2021 च्या जूनअखेर सरकारनं सांगितलं, दुकानं चारलाच बंद करा. म्हणजे दुपारची झोप मोडून शटर वर करावं, तर खाली ओढायची वेळ झालेली. व्यापारी रस्त्यावर उतरले. चेष्टा बाजूला ठेवू, त्यांचं खरंच नुकसान होत होतं.

[दृश्य: पुन्हा वाडा. दोन खोल्यांचं बिऱ्हाड. भिंतीला शिलाई मशीन, वर फळीवर ट्रंका.]

आता तो माणूस. अप्पा बळवंत चौकाजवळ बाइंडिंगच्या कारखान्यात काम करतो. घरात तो, बायको, त्याची आई आणि मुलगी. खोल्या दोन, त्यातली एक म्हणजे स्वयंपाकघर. त्याला त्रास फार नव्हता. जिभेची चव गेली आणि अंगात कणकण. क्षेत्रीय कार्यालयातून फोन आला. तिकडून विचारलं, ‘घरी स्वतंत्र खोली आहे का? स्वतंत्र संडास?’

तो सांगतो, ‘मी म्हटलं, संडास स्वतंत्र आहे की, घरापासून चांगला चाळीस पावलं स्वतंत्र आहे.’

पलीकडची व्यक्ती हसली नाही. तासाभरात अँब्युलन्स दारात आली.

नियम चुकीचा होता, असं आम्ही म्हणत नाही. तीन संडासांवर बारा बिऱ्हाडं असताना रोगी घरात ठेवणं धोक्याचंच होतं. पण त्या दोन वर्षांतले कागद आम्ही पुढ्यात मांडून बसलो, तेव्हा एक गोष्ट सतत डोळ्यांत खुपली. जवळजवळ प्रत्येक नियम लिहिणाऱ्यानं मनात एक घर धरलेलं होतं आणि त्या घरात एक खोली जास्त होती. आजारी माणसासाठी एक खोली. ऑनलाइन शाळेसाठी एक कोपरा. एक जास्तीचा फोन. कामावर न जाता निभेल असा एखादा जास्तीचा दिवस. ज्यांच्याकडे हे होतं, त्यांना नियम म्हणजे कटकट. ज्यांच्याकडे नव्हतं, त्यांच्या घरात नियम वेगळ्याच वाटेनं शिरला. कसा, ते बघा.

[दृश्य: पावसात भिजणारा पत्रा. पत्र्यावर पावसाचा आवाज.]

त्याला बालेवाडीच्या कोविड केअर सेंटरला नेलं. वाड्याच्या दाराला पत्रे लागले. दूध आणि भाजी पत्र्यावरून दोरीनं आत. घरातला एकुलता एक स्मार्टफोन त्याच्या खिशात होता, तो त्याच्याबरोबर बालेवाडीला गेला. आणि त्या फोनमध्ये मुलीची शाळा होती.

मुलगी जूनमध्ये पहिलीत गेली होती. गेली होती म्हणजे तिचं नाव पटावर गेलं होतं. बाई रोज सकाळी ग्रुपवर अभ्यास टाकायच्या. आता तो अभ्यास पंधरा किलोमीटरवर, एका वॉर्डातल्या खाटेवर पोचायला लागला.

बाप संध्याकाळी सातला बायकोच्या बटणांच्या फोनवर फोन लावायचा. मुलगी फोन पाटावर ठेवायची, शेजारी पाटी घेऊन बसायची. इकडून तो वाचून दाखवायचा, तिकडून ती लिहायची. क, का, कि, की. शेजारच्या खाटेवर सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ होते. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मास्क खाली न करता म्हणाले, ‘अहो, कं वर टिंब नका सांगू तिला. अनुस्वार म्हणा. एकदा लागलेली सवय जात नाही.’ प्राणवायूची पातळी मोजायला आलेली नर्ससुद्धा थांबली म्हणे.

शाळेत वहीचा फोटो पाठवावा लागे. वही इकडे, फोन तिकडे. मग त्यानंच केंद्रातल्या कागदावर डाव्या हातानं, जमेल तेवढी वेडीवाकडी बाराखडी काढली आणि फोटो पाठवला. बाईंचा शेरा आला, ‘छान. अक्षर सुधारतंय.’

हे सांगताना तो इतका हसतो की आम्हाला चित्रीकरण थांबवावं लागलं. म्हणतो, ‘आमच्या मास्तरांनी मला कधी छान म्हटलं नव्हतं.’

दहा दिवसांनी तो परतला. पत्रे त्यानंतरही आठवडाभर होते.

[दृश्य: हडपसर, पहाट. रिकामा रस्ता, एका ट्रकचे दिवे.]

ज्या हडपसरच्या शिवारात सावित्रीबाईंचा दवाखाना होता, त्याच हडपसरात 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. 12 जानेवारी 2021 ला भल्या पहाटे तिथून कोव्हिशिल्डचे पहिले ट्रक निघाले. निघण्याआधी गाड्यांची पूजा झाली. देशभर लसीकरण सुरू झालं ते चार दिवसांनी, 16 तारखेला.

शहराला अभिमान वाटला, वाटायलाच हवा होता. एप्रिल-मे महिन्यांत मात्र याच शहरातल्या केंद्रांवर ‘आज लस उपलब्ध नाही’ अशा पाट्या लागल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पाट्या वाचायची सवय असलेलं गाव, तरी ही पाटी वाचून माणसं रांगेतून हलायची नाहीत, कारण दुपारी साठा येईल असं कोणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असायचं. आधी चार आठवड्यांनी दुसरा डोस होता. मार्चमध्ये ते सहा ते आठ आठवडे झाले. मेमध्ये बारा ते सोळा. आमच्या बाइंडरच्या आईनं कॅलेंडरवर पेन्सिलीनं केलेली खूण दोनदा खोडली. तिसऱ्यांदा खूण केलीच नाही. म्हणाली, ‘बोलावतील तेव्हा जाईन.’

अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांसाठी आधी सरकारच्या कोविन संकेतस्थळावर नोंदणी. सुरुवातीचे महिने ते संकेतस्थळ इंग्रजीत होतं. स्लॉट उघडला की मिनिटभरात संपायचा. ज्यांची बोटं चपळ आणि दारात गाडी, ती शहरातली मुलं भोर-मुळशीच्या आरोग्य केंद्रांत जाऊन लस घेऊन आली. गावचे लोक बघत राहिले. भांडणंही झाली. त्या मुलांनी नियम मोडला नव्हता, हे लक्षात घ्या. नियमाप्रमाणेच गेली होती.

[दृश्य: भिडे पूल, नदीचं पाणी पुलाला लागून. एक बाई छत्री घेऊन चालतेय.]

या बाई म्हणजे बाइंडरची बायको. एरंडवण्यात चार घरची कामं करतात. 2020 मध्ये सोसायटीच्या वॉचमननं फाटकावरच अडवलं. तीन घरांनी पगार दिला, एकानं दिला नाही. पुढच्या वर्षी फाटक उघडलं, पण सर्टिफिकेट दाखवा म्हणून. लस त्यांनी लांबवली होती. भीती होती, पण सुईची नव्हे. त्या म्हणतात, ‘ताप आला तर दोन खाडे होतात. खाडा भरून कोण देणार?’

पहिला डोस सप्टेंबरच्या शेवटी घेतला. दुसरा 84 दिवसांनी, म्हणजे डिसेंबर सरत आल्यावर. मधेच 27 नोव्हेंबरला राज्याचा आदेश निघाला, सार्वजनिक वाहनातून प्रवास दोन डोस पूर्ण झालेल्यांनाच. पीएमपी बसचा कंडक्टर रोज विचारायचा असं नाही. पण एके दिवशी डेक्कनच्या थांब्यावर विचारलं, भर गर्दीत. बाई उतरल्या. त्या दिवसापासून महिनाभर पायी. सकाळी पूल ओलांडून तिकडे, दुपारी इकडे.

आम्ही विचारलं, राग आला का?

‘कंडक्टरचा कशाला? त्याचा मास्कसुद्धा फाटका होता.’

[दृश्य: शाळेचा वर्ग. एका बाकावर खडूची फुली.]

डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात पहिलीपासूनचे वर्ग उघडले. मुलगी तोवर दुसरीत. म्हणजे पहिली नावाचा वर्ग तिनं पाहिलाच नाही. शाळेनं पालकांकडून संमतीपत्र घेतलं, त्यावर बापानं उजव्या हातानं सही केली. एका बाकावर एकच मूल, उरलेल्या जागेवर फुली. डबा आपापला, वाटून खायचा नाही. मधल्या सुट्टीत धावायचं नाही. सर्दी दिसली तर मूल वेगळं बसवायचं आणि घरी कळवायचं. एवढे नियम ऐकून घेतल्यावर मुलीनं आईला विचारलं, ‘मग शाळेत सगळे एकत्र का बोलावतात?’

गणवेश 2020 च्या मे महिन्यातच घेऊन ठेवला होता. आपल्याकडे घेतात तसा, वाढत्या अंगाचा. दुकान मधेच तासभर उघडलं तेव्हा आजीनं धावतपळत आणलेला. कपाटातून काढला तर घडीसुद्धा मोडलेली नाही आणि अंगाला होईना. वाढतं अंग गणवेशाला मागे टाकून गेलं होतं. आजीनं रात्रीत खालची दुमड उसवली, बगलेत कापड जोडलं. फ्रॉकच्या काठाशी शिलाईच्या जुन्या भोकांची एक रांग दिसत राहिली.

जेमतेम तीन आठवडे शाळा झाली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद. फेब्रुवारीत पुन्हा सुरू, चारच तास. 31 मार्च 2022 ला, गुढीपाडव्याच्या तोंडावर, सरकारनं सगळे निर्बंध उठवले. मास्कही ऐच्छिक झाला. त्या मुलीनं बाकावरची फुली बोटाला थुंकी लावून पुसली, आणि त्याबद्दल बाईंचा ओरडा खाल्ला.

[दृश्य: बिऱ्हाडाची बाहेरची खोली. कॅमेरा सावकाश डावीकडे वळतो.]

दाराचे पत्रे काढले तेव्हा ठेकेदाराचा टेंपो आधीच भरला होता. दोन पत्रे राहिले. उद्या नेतो म्हणाला, तो आलाच नाही. दोन वर्षं ते चौकात पडून होते. मग बाइंडरनं ते आत घेतले, लाकडी पट्ट्यांवर ठोकले आणि बाहेरच्या खोलीत मधोमध उभे केले. पलीकडे एक खाट, एक टेबल, एक बल्ब. मुलगी आता मोठ्या शाळेत जाते, तिथे बसून अभ्यास करते. पत्र्यावर तेव्हा चिकटवलेल्या फ्लेक्सचा डिंक अजून आहे, आणि नीट पाहिलं तर उलटी अक्षरंही. त्यावर तिनं वेळापत्रक चिकटवलंय. सोमवारी पहिला तास भूगोल.