मास्क कोणी, कोणत्या तासाला

[दृश्य: परिपाठ संपला आहे. वर्गाकडे निघालेली रांग. कुणाचा मास्क नाकावर, कुणाचा हनुवटीवर, एकाचा मनगटाला अडकवलेला.]

ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. औषधांच्या दुकानांत मास्क मिळेना, लोकांनी रुमाल बांधले, शाळांना सुट्टी दिली गेली. पुढे कोरोना आला. ४ ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रातल्या शाळा उघडल्या, ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून, तेव्हा मास्कची सक्ती होती. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला ती उठली.

सक्ती असो की सूट, नियम अख्ख्या शाळेला एकच. घोळ तिथेच होतो. गणिताचा तास, कवायत आणि खिचडीची सुट्टी, तिन्ही वेळी हवा वेगळी आणि धोका वेगळा. मास्कचा नियम वर्षाचा नको, तासाचा हवा.

[दृश्य: कात्रीने कापलेला निळा मास्क. तीन थर चिमट्याने सुटे केले जातात.]

आधी मास्क नीट बघू. दवाखान्यात मिळतो तसला निळा मास्क तीन थरांचा असतो. बाहेरचा निळा थर शिंतोडे अडवतो, आतला पांढरा ओल शोषतो, आणि खरं काम करतो तो मधला. हा थर चहाची गाळणी नव्हे. त्यावर विद्युतभार असतो. केसांत घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसा तो सूक्ष्म कण ओढून घेतो. म्हणूनच हा मास्क धुवायचा नसतो, त्यावर सॅनिटायझर फवारायचं नसतं. भार गेला की उरतं नुसतं फडकं. एन-९५ मध्येही हेच तत्त्व, ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवायचे, म्हणून ते नाव. झडपेचा एन-९५ मात्र शाळेत नको. झडप घालणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर सोडते.

[दृश्य: आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा मास्क. गालांपाशी फटी.]

बिघडतं ते बहुतेक कडांपाशी. मोठ्यांचा मास्क साधारण साडेसतरा सेंटिमीटर लांब, मुलांचा साडेचौदा. घरात मोठ्यांचाच डबा असतो, मुलाला त्यातलाच मिळतो. गालांपाशी बोट जाईल एवढी फट राहते आणि हवा सोपी वाट धरते. उपाय घरचाच: कानातली दोरी मास्कच्या कडेजवळ गाठ मारून आखूड करायची, बाहेर आलेली कड आत दुमडायची. घड्यांची तोंडं खाली, निळी बाजू बाहेर, तार नाकावर दोन्ही हातांच्या बोटांनी दाबलेली. चश्म्यावर वाफ धरत असेल तर तार नीट बसलेली नाही, एवढं ओळखावं.

आता वय. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको. जागतिक आरोग्य संघटना आणि आपलं आरोग्य मंत्रालय दोघांचंही हेच सांगणं. ६ ते ११ वयात मुलाला तो नीट घालता-काढता येतो का हे बघून, मोठ्यांच्या नजरेखाली. १२ पासून मोठ्यांसारखा. अंगणवाडीतल्या मुलाला मास्क लावला तर ते तो चघळतं, शेजाऱ्याशी अदलाबदल करतं, त्यावर कार्टून असेल तर नक्कीच.

[दृश्य: माध्यमिक शाळा. तास संपल्याची घंटा. शिक्षक एका वर्गातून दुसऱ्या वर्गात.]

साथीच्या दिवसांत सगळ्यांत आधी मास्क हवा तो शिक्षकाला. शांत श्वासापेक्षा मोठ्याने बोलताना तोंडातून जास्त कण उडतात, आणि वर्गात चार-पाच तास मोठ्याने बोलणारी व्यक्ती एकच. शिवाय माध्यमिक शाळेत मुलं जागेवर राहतात, सर आणि बाई वर्गोवर्गी फिरतात. आठवी अ आणि दहावी क यांना जोडणारा धागा तेच.

पण पहिलीच्या वर्गात याच मास्कची किंमत मोजावी लागते. प, फ, ब, भ, म ओठांवर घडतात; मूल बाईंच्या तोंडाकडे बघून ते शिकतं. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले दोन वेगळे च नुसत्या कानांनी पकडणं त्याला जड जातं. मास्क आवाजातला वरच्या पट्टीचा भाग जास्त दाबतो, म्हणून स आणि श एकसारखे ऐकू येतात. पारदर्शक खिडकीचा मास्क ओठ दाखवतो, पण आवाज आणखी दाबतो, आणि वाफ धरल्यावर ओठही दिसेनासे होतात. तेव्हा अक्षरओळखीचा तास व्हरांड्यात किंवा झाडाखाली घ्यावा, पहिल्या रांगेपासून सहा फूट लांब उभं राहून, मास्क काढून. वर्गात मास्क लावून ओरडण्यापेक्षा कमरेला अडकवायचा छोटा माइक बरा. नाहीतर आठवडाभरात घसा बसतो आणि मग मास्क खाली ओढला जातोच. कमी ऐकू येणारं मूल वर्गात असेल तर आणखी एक पथ्य: खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही. चेहरा काळवंडतो, ओठ दिसत नाहीत.

[दृश्य: मधली सुट्टी. ताटल्यांचा आवाज. मुलं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली.]

आणि मग खिचडी येते. तीन तास काटेकोर मास्क, नंतर अर्धा तास सगळी तोंडं उघडी, शेजारी शेजारी, गप्पा मारत. दिवसभरातली सगळ्यांत कच्ची वेळ हीच. पंगत बंद खोलीत नको, ओसरीवर बसवा, एका बाजूला तोंड करून, शक्य तर दोन पाळ्यांत. काढलेला मास्क बाकावर किंवा खिशात नाही, नाव लिहिलेल्या कागदी पिशवीत. कवायतीला आणि खेळाला मास्क नकोच. घामाने भिजला की त्यातून श्वास घेणं जड जातं.

कापडी मास्क असेल तर मुलामागे किमान तीन हवेत: एक तोंडावर, एक दप्तरात, एक दोरीवर. कोकणात जुलैत दोरीवरचा दुसऱ्या दिवशीही दमटच असतो, तिथे चार धरा.

[दृश्य: नकाशा. बांगलादेश, अमेरिका, स्पेन.]

हे सगळं करून उपयोग किती? आकडे एका सुरात बोलत नाहीत. बांगलादेशात ६०० गावांत प्रौढांवर प्रयोग झाला. निळे मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला कोरोना सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला. कापडी मास्कबाबत ठोस काही निघालं नाही. अमेरिकेत बॉस्टन परिसरात २०२२ मध्ये ज्या शाळांनी सक्ती उठवली, तिथे पुढच्या १५ आठवड्यांत हजारामागे सुमारे ४५ रुग्ण जास्त नोंदले गेले. स्पेनमधल्या कॅटलोनियात मात्र मास्क न लावणारी पाच वर्षांची मुलं आणि लावणारी सहा वर्षांची मुलं यांत लक्षणीय फरक दिसला नाही. यातून मास्क निरुपयोगी ठरत नाही आणि कवचकुंडलंही ठरत नाही. लहान मुलांत फायदा थोडा आणि खर्च जास्त, मोठ्यांत उलट. (गोवरासाठी मात्र या हिशोबात वेळ घालवू नये. तिथे लसच.)

[दृश्य: वर्गाच्या खिडक्या. एक बंद, एकीच्या जाळीवर धुळीचा थर.]

मास्क हनुवटीवर उतरला तरी काम करत राहते ती खिडकी. एकाच भिंतीतल्या खिडक्या उघडून भागत नाही, समोरचं दार किंवा झरोकाही उघडा हवा, म्हणजे हवा आरपार जाते. छताचा पंखा खोलीतलीच हवा घुसळतो. खिडकीकडे तोंड केलेला उभा पंखा ती बाहेर ढकलतो. इंग्रजी शाळांतला स्प्लिट एसी तर तीच हवा गार करून परत देतो. वर्गात सोडलेला श्वास किती साचलाय हे मोजायचं असेल तर कार्बन डायऑक्साइडचं छोटं यंत्र मिळतं. बाहेर आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो. भरलेल्या वर्गात तो ८०० च्या वर जाऊ लागला की खिडकी उघडायची, १५०० झाला तर वर्ग मोकळा करायचा.

जाळीवरची धूळही बघा. भोकं बुजली की उघडी खिडकी आणि बंद खिडकी यांत फारसा फरक राहत नाही. ती उतरवायला स्क्रू ड्रायव्हर, धुवायला जुना ब्रश आणि बादलीभर पाणी लागतं.

[दृश्य: शिपाईकाका जाळी उन्हात भिंतीला टेकवून ठेवतात.]