संप नव्हे, रजा : आइसलँडचं १९७५ साल

(पडद्यावर कृष्णधवल छायाचित्र. गर्दीने भरलेला चौक. पाच सेकंद काहीही आवाज नाही.)

रेक्याविक शहरातला हा लैक्यारतोर्ग चौक. २४ ऑक्टोबर १९७५, शुक्रवारची दुपार. चित्र घाईने पुढे सरकवणार नाही, जरा निरखून पाहा. ओव्हरकोट, लोकरी टोप्या, हातात फलक. जवळपास २५ हजार माणसं, आणि त्यातल्या बहुतेक बायका. त्या वेळी अख्ख्या देशाची वस्ती सव्वादोन लाखांच्या आत होती. म्हणजे देशातल्या दर नऊ माणसांमागे एक जण या एका चौकात.

त्या दिवशी आइसलँडमधल्या दहांपैकी नऊ बायकांनी कामाला हात लावला नाही. ना कचेरीतल्या, ना कारखान्यातल्या, ना चुलीपुढच्या.

या चौकात आपण परत येणार आहोत. आधी समुद्रावर जाऊ. या देशातली कुठलीही गोष्ट तिथून सुरू केली नाही तर पुढे सरकत नाही.

(पडद्यावर लाकडी मांडव, त्यांवर टांगलेला कॉड, मागे उघडा डोंगर.)

आपल्याकडे कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील टांगतात, तसा इथे कॉड. फरक एवढाच की इथे सुकवायचं काम उन्हापेक्षा वारा आणि थंडी करते. या माशावर देश उभा राहिला, आणि त्याच माशापायी तो ब्रिटनशी भांडला. एकदा नाही, तीनदा.

भांडण हद्दीचं होतं. किनाऱ्यापासून किती मैलांपर्यंतचा मासा आमचा? १९५२ साली आइसलँड म्हणालं, चार मैल. १९५८ साली बारा. १९७२ साली पन्नास. आणि १५ ऑक्टोबर १९७५ रोजी पंतप्रधान गेर हाल्ग्रिमसन यांच्या सरकारने हद्द थेट दोनशे सागरी मैलांवर नेली, म्हणजे साधारण ३७० किलोमीटर. ब्रिटनबरोबरचा आधीचा करार १३ नोव्हेंबरला संपत होता. तो संपला, आणि ब्रिटिश मच्छीमार नौका जाळी टाकतच राहिल्या. त्यांच्या रक्षणाला आधी टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या दणकट बोटी आल्या, मग नौदलाची लढाऊ जहाजं.

(पडद्यावर तटरक्षक दलाचं जहाज, उसळत्या लाटा.)

आइसलँडकडे नौदल नाही. तेव्हाही नव्हतं. तटरक्षक दलाची मोजकी जहाजं होती आणि त्यांना नावं मात्र देवांची : थोर, ओदिन, टीर, आइगिर. टीर तर त्याच वर्षी डेन्मार्कहून बांधून आलं होतं. तोफा जुन्या, आणि त्यांच्या बळावर ब्रिटिश फ्रिगेटशी लढणं हा विनोदच झाला असता. त्यांचं खरं हत्यार निराळं होतं. आता पडद्यावर जे दिसतंय ते पाहा.

हे गळाच्या आकाराचं लोखंड. जहाजाच्या नांगराची आठवण यावी असं, पण आतल्या बाजूला धार. ते तारेला बांधून जहाजामागे पाण्यात सोडायचं. समोर मच्छीमार नौका जाळं ओढत चाललेली असते. जाळं दोन जाड पोलादी तारांनी नौकेला जोडलेलं असतं, आणि त्या तारा नौकेच्या मागून तिरक्या खोल पाण्यात उतरत जातात. तटरक्षक जहाजाने नेमकं त्या तारांवरून आडवं जायचं. मागे ओढलं जाणारं लोखंड तारेत अडकतं, जहाजाचा वेग ताण देतो आणि तार तुटते. जाळं, त्यातल्या मासळीसकट, तळाशी. कोणाला गोळी लागत नाही, नौका बुडत नाही, पण त्या खेपेची कमाई संपली. १९७२च्या सप्टेंबरमध्ये हे हत्यार पहिल्यांदा वापरलं, तोवर ते गुपित होतं. १९७५ साली ते लपवायची गरज उरली नव्हती. ब्रिटिश जहाजं मध्ये घुसून वाट अडवायची, आणि मग व्हायचं ते हे.

(टकरीचं चित्रण. निवेदन नाही. फक्त लोखंड घासल्याचा आवाज. बारा सेकंद.)

या भांडणावरचा, म्हणजे कॉडयुद्धावरचा, कुठलाही माहितीपट इथून पुढे टकरी मोजत जातो. आम्ही जहाजावरून खाली उतरणार आहोत. कारण धक्क्याला लागलेली मासळी स्वतःहून खोक्यात जाऊन बसत नाही.

(पडद्यावर शीतगृह. लांब टेबलं, डोक्याला फडकी, हातात सुऱ्या.)

ही माणसं हद्दीच्या नकाशावर नाहीत. मासा साफ करणं, काटे काढणं, तुकडे रचणं, गोठवायला पाठवणं, ही कामं प्रामुख्याने बायका करत. गार ओल्या खोलीत, उभ्याने. देशाच्या निर्यातीतला मोठा वाटा या हातांखालून जायचा. आणि बाहेर काम करणाऱ्या बाईची कमाई पुरुषाच्या कमाईच्या ६० टक्केही नव्हती. संसदेत ६० जागा होत्या, त्यांत बायका तीन. दोनशे मैलांची घोषणा झाल्यावर नऊच दिवसांनी ही टेबलं रिकामी पडली. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या, पण शाळेच्या पुस्तकात शेजारी-शेजारी सहसा दिसत नाहीत. म्हणून इथे शेजारी ठेवल्या.

आता या रजेची तयारी कशी झाली ते. यात थोडा वेळ जाईल, जाऊ द्या.

१९७५ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. आइसलँडमध्ये १९७० पासून ‘लाल मोजेवाल्या’ म्हणून ओळखली जाणारी बायकांची चळवळ होती. तरुण, डावी, आणि बऱ्याच घरांत नाव काढलं तरी कपाळाला आठ्या पडाव्यात अशी. संपाची कल्पना त्यांचीच. पण संप म्हटलं की अर्ध्या बायका मागे सरणार, हे उघड होतं. मालक कामावरून काढेल ही भीती, आणि ‘संप’ हा शब्दच एका बाजूचा. जूनमध्ये रेक्याविकमध्ये महिलांची परिषद भरली. वेगवेगळ्या पक्षांच्या, वेगवेगळ्या वयाच्या बायका एकत्र बसल्या आणि वाद झाला तो एका शब्दावर. अखेर ‘संप’ गेला आणि ‘रजा’ आली. ‘क्वेन्नाफ्री’, म्हणजे बायकांची सुट्टी.

हा शब्द बदलला नसता तर तुम्ही आत्ता पाहिलेला चौक भरला नसता, असं आम्हाला वाटतं. संप करणाऱ्याला नोकरीवरून काढता येतं. एक दिवस सुट्टी मागणाऱ्या बाईला, आणि तीही सगळ्याच बायका मागत असताना, काढायचं कसं? घरातल्या बाईचा तर प्रश्नच वेगळा. तिचा मालक कोण, आणि ती संप करणार तो कोणाविरुद्ध? पण सुट्टी तिलाही घेता येते. तिच्या वाट्याला ती कधी आलीच नव्हती.

मग पत्रकं निघाली, समित्या झाल्या. पत्रकात विचारलेलं साधंच होतं. कमी पगाराच्या जागेची जाहिरात बाईसाठीच का असते? गृहिणीबद्दल ‘ती काही करत नाही, घरीच असते’ असं का म्हणतात? तारीख ठरली २४ ऑक्टोबर, संयुक्त राष्ट्र दिन.

(पुन्हा चौक. आता गर्दीतले चेहरे, एकेक.)

आणि शुक्रवार उजाडला. शाळा बंद पडल्या किंवा अर्ध्यामुर्ध्या चालल्या. माशांचे कारखाने थांबले. विमानांत हवाई सुंदरी नाहीत म्हणून उड्डाणं रद्द झाली. बँकांत साहेब लोक खिडकीवर येऊन बसले. बाप मुलांना घेऊन कचेरीत गेले. काही मालकांनी आदल्या दिवशीच खाऊ, कागद आणि पेन्सिली आणून ठेवल्या होत्या. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्याच्या मागे पोरांचा दंगा ऐकू येत होता. दुकानांतले सॉसेज संपले, कारण पुरुषांना चटकन शिजवता येईल असं तेवढंच. आइसलँडी भाषेत गुड फ्रायडेला ‘लांब शुक्रवार’ म्हणतात. पुरुषांनी २४ ऑक्टोबरलाही तेच नाव चिकटवलं.

व्यासपीठावर आदाल्हेदुर ब्यार्नफ्रेद्सदोत्तिर बोलल्या. ‘सोक्न’ ही इस्पितळांत आणि पाळणाघरांत राबणाऱ्या, सगळ्यात कमी पगाराच्या बायकांची संघटना. तिच्या वतीने त्या उभ्या होत्या. विदुषी नव्हे, कामगार बाई. गर्दीत विग्दिस फिन्बोगादोत्तिरही होत्या, तेव्हा रेक्याविकच्या नाटक कंपनीच्या प्रमुख, सोबत आई आणि लहानगी लेक. रात्री बाराच्या ठोक्याला रजा संपली. वर्तमानपत्राचा मजकूर जुळवणाऱ्या बायका कामावर परतल्या आणि दुसऱ्या दिवशीचा अंक निघाला, जरा बारीक.

(पडद्यावर पांढऱ्या भिंतींत काळे गोल दगड बसवलेलं मोठं घर. पाऊस.)

महिनाभराने, २१ नोव्हेंबरला, लेखक गुन्नार गुन्नारसन गेले. वय ८६. देशाच्या पूर्वेचं हे घर, स्क्रिदुक्लाउस्तुर, त्यांनी १९३९ साली डेन्मार्कहून परतल्यावर बांधलं. आराखडा जर्मन वास्तुकार फ्रिट्झ ह्योगर यांचा. नऊच वर्षांनी त्यांनी ते सरकारला देऊन टाकलं. अठराव्या वर्षी घर सोडलेल्या या माणसाने आयुष्यभराचं लेखन डॅनिश भाषेत केलं आणि म्हातारपणी बसून ते स्वतःच मातृभाषेत आणलं. १९४० साली जर्मनीत व्याख्यानं देत असताना ते हिटलरला भेटले होते. तो डाग घराच्या पांढऱ्या भिंतींवर दिसत नाही, म्हणून इथे बोलून दाखवला. त्यांची सगळ्यात लाडकी ठरलेली छोटी कादंबरी उत्तरेकडच्या मीवात्न सरोवराजवळच्या डोंगरांत घडते. डिसेंबरच्या बर्फात एक माणूस, एक कुत्रा आणि एक मेंढा हरवलेल्या मेंढ्या शोधत हिंडतात. त्यांची कबर रेक्याविकजवळच्या विदेय बेटावर आहे. बोट पाच मिनिटांत पोचते.

त्याच वर्षी चित्रकार बार्बारा आर्नासनही गेल्या. जन्म इंग्लंडचा, लग्न आइसलँडमध्ये, हात लाकडी ठशांवर बसलेला. माहेर आणि सासर समुद्रावर एकमेकांवर जहाजं घालत होते, ते त्यांचं शेवटचं वर्ष.

(पडद्यावर भेगाळलेली जमीन, वाफ, काळा लाव्हा.)

डिसेंबरमध्ये दोन स्फोट. ११ तारखेला सेदिस्फ्योर्दुर खाडीच्या तोंडाशी थोर आणि ब्रिटिश टगांची झटापट झाली आणि थोरने तोफ डागली. कोण कोणावर आदळलं याची हकिगत दोन्ही देशांनी आपापली सांगितली. आणि २० तारखेला क्राप्ला ज्वालामुखी फुटला, म्हणजे त्याच मीवात्नच्या डोंगरात, कादंबरीतल्या त्याच महिन्यात. तो उद्रेक जेमतेम वीस मिनिटांचा. पण शेजारीच जमिनीतल्या वाफेवर वीज करणारा प्रकल्प बांधला जात होता, आणि जमीन पुढची नऊ वर्षं फुगत, खचत आणि फुटत राहिली. १९७७ साली तर वाफेसाठी खणलेल्या विहिरीच्या नळीतूनच लाव्हा वर आला. प्रकल्प तरीही चालू झाला, आजही चालतो.

पुढचं थोडक्यात. जून १९७६ मध्ये ब्रिटनने दोनशे मैल मान्य केले, आणि हल, ग्रिम्सबीसारख्या बंदरांतली हजारो कामं गेली. त्याच वर्षी भारतानेही कायदा करून आपली दोनशे मैलांची हद्द आखली. आइसलँडमध्ये १९७६ साली समान हक्कांचा कायदा झाला. १९८० साली विग्दिस राष्ट्राध्यक्ष झाल्या, लोकांच्या मतांनी या पदावर निवडून आलेली जगातली पहिली बाई. आणि २४ ऑक्टोबर २०२३ रोजी बायकांनी पुन्हा दिवसभर काम थांबवलं, पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर यांच्यासकट. कारण पगारातली तफावत अजून होती.

(पडद्यावर रेक्याविक बंदर, आजचं. धक्क्याला बांधलेलं करडं जहाज.)

हे ओदिन. आता सागरी संग्रहालयाचं झालं आहे. तार कापायचं लोखंडही इथे पाहता येतं, आणि पर्यटक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. कॅमेरा आता डावीकडे वळतोय, त्या लांबट इमारतीकडे, जिच्यात संग्रहालय आहे.

ते पूर्वी माशांचं शीतगृह होतं.

(इमारत. दहा सेकंद. आवाज फक्त वाऱ्याचा.)